ऐकणाऱ्याच्या शेजारी

हे वाचायला बसताना घरात काही वाजत असेल तर ते थोडा वेळ बंद करा. टीव्ही असेल, कुणाच्या फोनवरचा व्हिडिओ असेल, ओट्यावरचा रेडिओ असेल. गाणं घरी ऐकणं आणि मैफिलीला जाऊन ऐकणं, हा आजच्या मननाचा विषय. पण त्याआधी गाणं नसलेलं घर कसं वाजतं ते ऐकू या.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात घर पूर्ण गप्प असं कधी होत नाही. पंख्याची घरघर असते. फ्रिज मध्येच थरथरून थांबतो, आणि तो थांबल्यावर कळतं की इतका वेळ वाजत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं. जिन्यात चपला वाजतात. स्टेशन जवळ असेल तर वाऱ्याबरोबर उद्घोषणेचा एखादा तुकडा आत येतो, कुठल्या तरी फलाटावर कुठली तरी जलद गाडी येत असते. या आवाजांना नावं ठेवू नका, नावं देऊही नका. येतील तसे येऊ द्या. खांदे जरा सैल सोडा. श्वास मुद्दाम लांब करायला नको, थोड्या वेळाने तो आपला आपणच लांबतो.

आता मनाशी विचारा, गेल्या आठ दिवसांत गाणं कानांवर पडलं ते किती, आणि त्यातलं ऐकलं गेलं ते किती? उत्तराची घाई नाही. कणीक मळताना, रिक्षात, व्यायाम करताना, कचेरीचं काम उरकताना मागे काहीतरी चालू असावं म्हणून आपण गाणं लावतो. यात कमीपणा काही नाही. जात्यावरची ओवीसुद्धा कामाबरोबरच होती. फरक एवढाच, की तिथे दळणारी बाईच गात होती. आता गाणारा दुसरीकडे असतो आणि आपण नुसतं दळतो.

थोडं थांबा. मग घड्याळाकडे बघा.

सकाळ असेल तर भैरव किंवा तोडी. दुपार असेल तर सारंग, थोडं कललेलं ऊन असेल तर भीमपलास किंवा मुलतानी. दिवेलागण असेल तर मारवा, पूरिया, श्री. रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, भूप. जेवणंखाणं होऊन गेली असतील तर बागेश्री, मालकंस, दरबारी. वेळेचं हे बंधन मानावं की न मानावं यावर वाद घालणारे घालतात. आज मानून बघू. आणि मानायला गेलं की पहिली अडचण आपल्या जगण्याचीच निघते. मारव्याची वेळ म्हणजे आपल्याकडे गाडी ठाणं सोडून कळव्याकडे निघण्याची वेळ. एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेवर. संधिप्रकाशाचे राग इथल्या नोकरदार पिढ्यांनी ऐकलेच असतील तर गर्दीत उभ्याने, इअरफोन लावून ऐकले आहेत. दुपारच्या सारंगाचं तर विचारूच नका. रविवारी जेवणानंतर एखाद्याने सारंग लावला तरी तो निम्म्यात झोपलेला असतो.

तर तुमच्या वेळेचा एक राग निवडा. वीस-पंचवीस मिनिटांचं तरी ध्वनिमुद्रण असू द्या. लावा, आणि फोन पालथा करून हाताच्या अंतरापलीकडे ठेवा.

सगळ्यात आधी काय ऐकू येतं? बहुधा तंबोरा. गवयाकडे जायची घाई करू नका, तंबोऱ्याशी बसा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. पुन्हा पंचम, जोड, जोड, खर्ज. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकत असाल तर एक गंमत आहे: खर्जाच्या तारेचा मूळ खालचा सूर त्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तिचे वरचे स्वर तेवढे पोचतात आणि त्यांवरून आपला मेंदू खालचा सूर कल्पून घेतो. म्हणजे ज्या सुरावर सगळं गाणं उभं आहे तो खोलीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. घरच्या ऐकण्यात आपण न कळत किती भर घालतो, ते यावरून ध्यानात येईल.

ऐकत राहा.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात फोनकडे जाऊ बघेल. कुणाचा निरोप आला का, अजून किती मिनिटं उरलीत, जरा पुढे ढकलावं का, द्रुत कुठे सुरू होतं. हात आवरायचा प्रयत्न करू नका, फक्त त्या ओढीकडे बघा. ती कुठून सुरू होते? छातीतून, बोटांतून, की नुसती मनातून? माझ्या मते घरच्या ऐकण्याची सारी गोष्ट या ओढीत आहे. घरी गाणं थांबवण्याची सत्ता आपल्याकडे असते. ती आपण वापरली नाही तरी ती आहे हे कानाला ठाऊक असतं, आणि कान तेवढा सैल राहतो.

ही सत्ता आपल्याकडे आली त्याला फार काळ झालेला नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरवलं, तिथून आपल्याकडे ही कथा सुरू होते. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर राग मांडणाऱ्यांनी आवर्तनांचं घर एवढ्याशा जागेत बसवलं, आणि कसं बसवलं ते ऐकून आजही नवल वाटतं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. दुसरं यान सुटलं त्याच महिन्यात, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई वारल्या. पुढे एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, मग कॅसेट आली, सीडी आली, आता तर फोनमध्ये अंतच नाही. गाण्याला जागा वाढत गेली तसतसा आपला धीर आखूड होत गेला.

आता घरातून निघू या, बसल्या जागेवरूनच. डोळे मिटा म्हटलं असतं, पण मग पुढचं वाचणार कोण.

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडा. गर्दीतून वाट काढत तलावपाळीला या. मासुंदा तलावावर दिवे लागलेत, नौकाविहाराची रांग आहे, आणि काठाला राम गणेश गडकरी रंगायतन उभं आहे. १९७८ पासून ते इथे आहे. कल्याणचे असाल तर आचार्य अत्रे रंगमंदिरात जा. डोंबिवलीकरांनी सावित्रीबाई फुले कलामंदिर धरावं. ते एमआयडीसीत घरडा सर्कलजवळ, म्हणजे रिक्षावाल्याशी बोलणी करणं आलं. ही बोलणीसुद्धा ऐकण्यातच धरा. मैफिलीला जाताना माणूस काहीतरी मागे टाकून येतो: वेळ, पैसा, घरातल्या कुणाची तरी कुरबुर. हे सगळं मोजून आलेला माणूस खुर्चीत बसतो तेव्हा त्याचे कान घरच्यापेक्षा वेगळे असतात.

कलाकार मंचावर येतात, नमस्कार करतात, बसतात. आणि गात नाहीत.

या वेळेपाशी जरा रेंगाळा. तंबोरे लागत असतात. खुंटी किंचित पिळली जाते, मणी थोडा सरकतो, तारेखालचा दोरा बोटाने हलवला जातो आणि तार एकाएकी खुलते. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत चाट लावतो, कान खाली नेतो, पुन्हा एक ठोका. ध्वनिव्यवस्थेच्या मुलाला हाताने खूण होते: माझ्याकडे तंबोरा वाढवा. सभागृहात खोकणं उरकून घेतलं जातं, कुणी आपल्या खुर्चीचा आकडा अजून शोधत असतो. ध्वनिमुद्रणात हा भाग नसतोच, तिथे तंबोरा आधीच लागलेला येतो. मैफिलीत मात्र तो तुमच्यासमोर लागतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही लागता. किशोरी आमोणकरांना तंबोरे मनासारखे लागेपर्यंत गायला सुरुवात करणं मंजूर नसे आणि सभागृहातली चुळबुळ तर मुळीच खपत नसे. लोक याला लहरीपणा म्हणत. त्या मागत होत्या ती फक्त ऐकण्याची पूर्वतयारी, आणि आपल्याला तिचीच सवय राहिलेली नाही.

आता ख्याल सुरू झाला आहे असं धरा. विलंबित एकताल. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभर चालतं. मात्रा मोजू नका. फक्त समेची वाट बघा. गवई लांब गेला आहे, षड्जापासून दूर कुठेतरी फिरतो आहे, परतेल असं वाटत नाही. ठेका शेवटच्या मात्रांकडे येतो. मुखडा उचलला जातो. तुमची मान किंचित पुढे झुकते. आणि सम आली, त्या क्षणी तुमच्याबरोबर तीनशे माना हलल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात वर केला नव्हता. शेजारच्या खुर्चीवरून एक हलकासा हुंकार आला.

त्या हुंकाराकडे लक्ष द्या. आपण इथे ज्यासाठी बसलो आहोत ते हेच.

दाद कुठे द्यायची हे तुम्हाला कुणी शिकवलं? हा प्रश्न मनात पडू द्या आणि थोडा वेळ त्याच्याबरोबर राहा. शाळेत हा विषय नव्हता. पुस्तकात वाचून हे येत नाही. कधीतरी कुणाच्या तरी शेजारी तुम्ही बसला होतात. काका असतील, आत्या असेल, वाड्यातले पेटी वाजवणारे शेजारी असतील, किंवा पूर्ण अनोळखी गृहस्थ, ज्यांच्या बोटांची हालचाल बघून तुम्हाला पहिल्यांदा खाली आणि भरी कळली. एका जागेवर ते हलले, तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी तुम्ही त्या जागेवर कान ठेवून बसलात. मग एकदा ते हलायच्या आधी तुम्ही हललात. ऐकणं असं विरजणासारखं दुसऱ्याच्या घरून आणावं लागतं. ध्वनिमुद्रणातून गाणं पोचतं, पण ऐकण्याची रीत त्याच्याबरोबर येतेच असं नाही.

कल्याणचं एक उदाहरण इथे ठेवतो. कल्याण गायन समाज ही १९२६ सालची संस्था, शंभरीला आलेली. तिचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या नावाने होतो. भास्करबुवा १८६९ साली जन्मले, १९२२ साली गेले. ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ, जयपूर गायकीचे अल्लादिया खाँ, असे तीन वळणांचे तीन गुरू त्यांनी केले, पुण्यात १९११ साली भारत गायन समाज उभा केला, १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. आणि या माणसाच्या आवाजाची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. तबकड्या निघत होत्या त्या काळात ते होते, तरी नाही. कितीही भारी स्पीकर घ्या, भास्करबुवा घरी ऐकता येणार नाहीत.

तरी ते आले. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर त्यांच्यासमोर बसून शिकले. मास्तरांकडे राम मराठे शिकले. प्रभातच्या 'गोपालकृष्ण' चित्रपटात १९३८ साली कृष्णाचं काम करणारा तो मुलगा पुढे 'मंदारमाला' नाटक गाजवून ठाणेकर झाला, १९८९ साली वारला, आणि आज ठाणे महापालिकेचा संगीत समारोह त्याच्या नावाने होतो. १९२२ साली थांबलेला एक आवाज, ध्वनिमुद्रणाचा आधार नसताना, माणसाकडून माणसाकडे होत तलावपाळीपर्यंत पोचला. गाणाऱ्यांच्या या साखळीला आपण परंपरा म्हणतो आणि तिची वंशावळ लिहून ठेवतो. ऐकणाऱ्यांचीही अशी साखळी असते. तिची वंशावळ कुणी लिहीत नाही, म्हणून ती तुटली तरी कळायला वेळ लागतो.

तुमच्या साखळीतला तुमच्या आधीचा माणूस आठवा. चेहरा नीट आठवत नसेल तर हात आठवा. मांडीवर ताल धरणारा हात बहुतेकांचा लक्षात राहतो.

आठवला? मग मैफिलीचं गुणगान इथे थोडं आवरतं घेतो, कारण मैफिली सगळ्याच काही अशा नसतात. दिलेल्या वेळेला पडदा उघडत नाही. मग दीपप्रज्वलन, मग शाल, मग श्रीफळ, मग मान्यवर दोन शब्द बोलतात आणि ते दोनशे होतात. नाट्यगृह सत्रावर घेतलेलं असतं, त्यामुळे जेवढी भाषणं वाढतात तेवढा राग आखडतो. वातानुकूलनाने पाय गार पडतात. स्पीकरचा आवाज इतका मोठा असतो की तंबोऱ्याची आस पार बुडून जाते. पुढच्या रांगेतला माणूस हात उंच करून चित्रीकरण करत असतो, आणि त्याच्या उजळलेल्या पडद्यातून तुम्हाला छोटासा गवई बघावा लागतो. तो नंतर ते घरी ऐकणार असतो म्हणे. ऐकत नाही.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याला सभागृहांचा असाच वीट आला. १९६४ साली, बत्तीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याने जाहीर कार्यक्रम कायमचे सोडले आणि पुढे जे वाजवलं ते स्टुडिओत. गर्दीपुढे वादन म्हणजे त्याला कसरत वाटे. ऐकणाऱ्याने आपल्या घरी, आपल्या सोयीने ऐकावं, असं तो म्हणे. त्याच शतकात रुमानियाचा वाद्यवृंद-संचालक सर्जियू चेलिबिदाके ध्वनिमुद्रणाला नकार देत राहिला, कारण त्या जागी त्या क्षणी जे वाजतं ते दुसरीकडे नेता येत नाही असं त्याचं ठाम मत. दोघेही आपल्या जागी मोठे. मला स्वतःला गूल्डचं म्हणणं त्याच्या संगीतापुरतं पटतं. लिहिलेली रचना बिनचूक उभी करायची असेल तर एकांत बरा. आपल्याकडे मात्र गवई गाणं तिथल्या तिथे घडवतो, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बघून घडवतो. एखादी जागा पोचली असं दिसलं की तो तिथे आणखी थोडा थांबतो. तुमच्या मान हलवण्याने पुढचं आवर्तन बदलू शकतं. घरी तुम्ही कितीही मान हलवा, १९६० सालचा गवई १९६० सालीच ठरवून गेलेला आहे.

घराची एक बाजू मात्र मैफिलीला आता जमण्यासारखी नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं रात्रभर चालत असे. पहाटे ललत, मग उजाडताना तोडी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर मोकळ्या जागेतले भोंगे बंद झाले, आणि मांडवातल्या मैफिली लवकर मिटू लागल्या. मला या नियमाबद्दल तक्रार करवत नाही. आपल्या गल्लीतला सप्टेंबर महिना आठवला की नियमाचे उपकारच वाटतात. पण त्यात मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललत मांडवातून उठून गेले. ते आता घरातच मिळतात. कधी झोप मोडली तर फोन चाळण्याऐवजी हे करून बघा: दिवा न लावता, अगदी हलक्या आवाजात दरबारी. आंदोलित गांधार यायची वाट बघा. शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते, पहिलीला अवकाश असतो, आणि कल्याण-डोंबिवलीत त्या दोन गाड्यांमधल्या वेळेला जेवढी शांतता असते तेवढी दिवसभरात कधीच नसते. सकाळच्या रागांचं थोडं बरं चाललं आहे. दिवाळी पहाटेच्या निमित्ताने लोक अंघोळ करून, नवे कपडे घालून भैरव ऐकायला बाहेर पडतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर त्या सकाळी जमणाऱ्या तरुण गर्दीतले किती जण गाण्यासाठी येतात हा प्रश्न विचारू नये, पण काहींच्या कानांवर येता-जाता पडत असणार.

आणखी मागे जाऊन बघू. घरी ऐकणं म्हणजे एकट्याने ऐकणं, हे कधीपासून झालं?

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक असं वर्षभर, एकूण छपन्न गीतं. ऐकणारे सगळे घरीच होते. पण रेडिओ मोजक्या घरांत होता, म्हणून आळीतली माणसं त्या घरी जमत. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकल्याच्या आठवणी त्या पिढीने सांगितलेल्या आहेत. गाणं चुकलं तर चुकलं, मागे नेता येत नव्हतं. आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ पासून असाच ठरल्या वेळी लागे, आणि घरातली कामं त्याच्या आधी आवरली जात. ते घरचं ऐकणं जवळपास मैफिलीसारखं होतं: वेळ दुसऱ्याने ठरवलेली, थांबवायची सोय नाही, आणि शेजारी माणूस. पुढे फडक्यांनी गीतरामायण मंचावर आणलं आणि वर्षानुवर्षं गायलं. आधी घरात ऐकलेलं गाणं प्रत्यक्ष ऐकायला लोक गर्दी करत, शब्द पाठ असूनही.

आज दोन खोल्यांच्या घरात चार माणसं चार जोड कानांत चार गाणी ऐकतात आणि कुणाचं काय चाललंय ते कुणाला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत कानाला सोसतो, त्यावर आवाज गेला की हे तास झपाट्याने कमी होतात. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज किती चढवतो ते एकदा फलाटावर उतरल्यावर, गाडी गेल्यावर, बघा. कानाची काळजी घ्या हे तर आहेच. त्याहून मला खटकतं ते हे, की आईच्या कानातलं गाणं मुलाला ऐकू येत नाही.

त्याच गाडीत उलट उदाहरणही भेटतं. कर्जत, बदलापूर, टिटवाळ्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाड्यांत भजनी मंडळं असतात. टाळ पिशवीतून निघतात, डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरला जातो, गजर होतो, अभंग सुरू होतो. बसलेले गातात, उभे असलेले गातात, आणि मध्येच डोंबिवलीला चढलेला, ज्याला नुसतं दादरला उतरायचं आहे, तोही दोन स्टेशनांनंतर ओठ हलवत असतो. तिथे सूर नेहमी लागतोच असं नाही. मंच नाही, तिकीट पासात आलं. पण शेजारच्याकडून उचलायची जी गोष्ट मी सांगतो आहे ती तिथे रोज घडते. कधी त्या डब्यात सापडलात तर इअरफोन काढा.

मननाचा अखेरचा भाग उरला. पुन्हा घरी, पुन्हा खुर्चीत. आता स्टुडिओतलं नको, एखाद्या जुन्या खासगी मैफिलीचं ध्वनिमुद्रण शोधा. भीमसेन, कुमार, मल्लिकार्जुन, कुणाचंही. रसिकांनी स्पूलवर, मग कॅसेटवर जपलेल्या अशा मैफिली आता सहज सापडतात. आवाज जरा दबलेला असेल, खरखर असेल. या वेळी गवयाकडे कान देऊ नका, खोलीकडे द्या. कुणीतरी खोकतं. कपबशी वाजते. बाहेरून टांग्याचा किंवा मोटारीचा आवाज जातो. आणि एका जागेवर, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, एक माणूस अस्फुट 'वा' म्हणतो. कोण होता माहीत नाही. बहुधा आता नाही. त्याला ती जागा कळली होती. ध्वनिमुद्रण पुन्हा मागे घ्या, तीच जागा पुन्हा ऐका, त्याच्याबरोबर. हे फक्त घरीच करता येतं, आणि गेलेल्या माणसाच्या शेजारी बसायची ही एवढीच सोय आपल्याला आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर ते असं: घरी रोज ऐका, पण ऐकायला शिका मैफिलीत, आणि शक्यतो आपल्याच गावच्या. दादर, प्रभादेवी, शीव इथल्या सभागृहांत आपल्या बाजूचे लोक पिढ्यानपिढ्या गेले. भैरवी सुरू झाली की मागच्या रांगांत पिशव्यांची चाळवाचाळव होई आणि गाडी गाठणारे वाकून वाकून बाहेर पडत. रविवारी मेगाब्लॉक असेल तर विचारूच नका. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आता सभागृहं आहेत, समारोह आहेत, गायन समाज आहे, सोसायट्यांच्या सभागृहांत पन्नास-साठ माणसांच्या बैठकी होतात. मोठ्या नावाची वाट बघू नका. एखादी बैठक निवडा. घरातल्या किंवा शेजारच्या अशा एकाला बरोबर घ्या, जो कधीच गेलेला नाही. पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल तर उत्तम. समजावून सांगायला जाऊ नका, नुसते शेजारी बसा. पडदा उघडायच्या आधी पोचा, म्हणजे तंबोरे लागताना ऐकायला मिळतील. फोन बंद ठेवा. घर चालत जाण्याइतकं जवळ आहे, तर भैरवी संपेपर्यंत उठू नका.